दहा हजार फुटांचा भाव

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आमच्या ओट्यावर दोन गोष्टी आपसूक जमतात, माशा आणि किस्से. एक हाकलला की दोन येतात. वर्सोव्याच्या मासळी बाजारात माझा पापलेटचा ओटा. डावीकडं हिरा, कोलंबीवाली. उजवीकडं शेवंता, बोंबीलवाली. या दोघींनी मिळून माझे जेवढे किस्से केलेत तेवढे माझ्या नवऱ्यानंसुद्धा केले नसतील. पण यंदाचे सगळे किस्से एकाच गोष्टीचे. मी बोलतेय आणि माझी नात प्राची लिहून घेतेय. तीच या सगळ्याचं मूळ!

* * *

झालं असं, प्राचीच्या ऑफिसातली पोरं विमानातनं उडी मारायला चाललेली. पाठीला छत्री, आणि मागं एक शिकवणारा माणूस बांधलेला असतो म्हणे. ही पण नाव देऊन आली. माझा मुलगा रमेश, तिचा बाप, ताटावरनं उठला.

"अजिबात नाही!"

पोरगी रडवेली झाली. तिला उंचीची भीती. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तर भिंतीला चिकटून चालणार. "म्हणूनच जायचंय ना पप्पा. किती वर्षं घाबरू?"

मला राहवलं नाही. "जाऊ दे की रं. काय होतंय?"

"काय होतंय? मग तूच मार ना उडी, आये! तू मारलीस तर हिला सोडतो."

"मारते!"

बाजारात बसून बसून सवयच ही. उत्तर आधी बाहेर पडतं, डोकं मागनं येतं. रमेश हसायला लागला. प्राची हसली नाही. माझा हात धरून म्हणाली, "आजी, नक्की ना?"

तिथं अडकले मी.

* * *

आता माझं शौर्य सांगते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मी पाय ठेवत नाही.

एकदा घाटकोपरला लग्नाला जायचं होतं, हिरा सोबत. "काही होत नाही गो, उचल पाय," म्हणत ती वर गेलीसुद्धा. मी खाली उभी. पाय उचलला, मागं घेतला. परत उचलला, परत मागं. पायऱ्या आपल्या निघतायत जमिनीतनं, एकीवर तरी जीव बसेल तर शपथ! मागं ही रांग. एक टायवाला म्हणाला, "आजी, चला ना, ऑफिस आहे."

"तू जा बाबा," मी म्हटलं, "मी पुढच्या जिन्यानं येते!"

उडीची बातमी बाजारात फुटली तेव्हा हिरा हातातली कोलंबी टाकून ओरडली, "ऐकलंत का गो? जी जिना चढत नाही ती विमानातनं उतरणार!"

* * *

तेव्हापासनं झोप गेली. विमानं तर आमच्या डोक्यावरनं दिवसभर जातात, विमानतळ इथंच अंधेरीला. आधी कधी मान वर केली नव्हती. आता एकेक विमान गेलं की मान वर जायची. पापलेट कापता कापता कोयतीवरचा हात थांबायचा.

त्यात माझ्या ध्यानात आलं, मी विमानात कधी बसलेलीच नाही. मी रमेशला म्हटलं, "लोक पहिल्यांदा विमानात बसतात ते कुठंतरी पोचायला. मी बसणार ती मधेच उतरायला!"

शेवंता मायेची बाई. जवळ सरकली, पाठीवरनं हात फिरवला. मला भरून आलं. वाटलं, कुणीतरी धीर देतंय.

"बाय," हळूच म्हणाली, "एक विचारू? तुझा ओटा कोपऱ्यावरचा आहे. जाण्याआधी सांगून ठेव ना, तो माझ्याकडं येईल असं!"

* * *

मग सुटकेची एक वाट दिसली. डॉक्टरचा दाखला लागतो, उडीवाले म्हणाले. आमचे डॉक्टर जुनं गिऱ्हाईक, दर रविवारी पापलेट. मनात म्हटलं, झालं काम. डॉक्टरच नको म्हणाले तर माझा शब्द मोडला असं कोण म्हणेल? रमेशला तरी काय बोलता येईल?

त्यांनी दंडाला पट्टा बांधला, छातीला नळी लावली, रक्त काढलं, हृदयाच्या ठोक्यांची कागदाची पट्टी काढली. "झकास आहात आजी."

"नीट बघा. साखर?"

"नाही."

"हृदय?"

"घोड्यासारखं."

"गुडघे तरी?"

"गुडघे दुखतात सगळ्यांचेच. उतरताना पाय वर धरा, झालं."

माझा संताप झाला. "डॉक्टर, इतकी वर्षं निवडून निवडून मोठं पापलेट तुम्हाला घातलं. आणि माझ्यासाठी एक आजार सापडत नाही तुम्हाला?"

* * *

विमानपट्टी घाटापलीकडं. रमेश गाडी चालवत होता, हिराही आली होती, म्हणे "बघायला कुणीतरी पाहिजे." प्राचीनं वाटेत पोहे सुद्धा खाल्ले नाहीत. एकदा गाडी थांबवून ओकली आणि म्हणाली, "गाडी लागली." लहानपणापासनं कधी लागली नाही तिला गाडी.

मला बांधून घेणारा माणूस म्हणजे फौजेतनं निवृत्त झालेला, मिशीवाला, हिंदी बोलणारा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. नऊवारीवर पट्टे बसेनात, म्हणून मला प्राचीची पँट घातली. हिरा एवढी हसली की खाली बसली.

उस्तादनं शिकवलं. उडी मारली की पोट पुढं, पाय मागं, केळ्यासारखं व्हायचं. मग म्हणाला, "दस हजार फुट से कूदेंगे, माताजी."

दहा हजार! माझं तोंड सुकलं. पण सवय जाते कुठं? "दहा जास्त होतात. पाचमध्ये बसव."

"नहीं माताजी, ऊपर से ही ठीक है."

"बरं, ना तुझं ना माझं. सातला दे!"

त्यानं हात जोडले. "माताजी, जितना ऊपर, उतना सेफ. छत्री खुलने को टाइम मिलता है."

घ्या! जन्मात असला धंदा पाहिला नाही, भाव उतरवला की आपलंच नुकसान!

तेवढ्यात रमेश आला, मला बाजूला घेतलं. चेहरा पांढरा. "आये, हट्ट पुरे. तू फक्त नाही म्हण. प्राचीला मी समजावतो."

मी प्राचीकडं पाहिलं. पट्ट्यात जखडून उभी होती, नखं खात. मी नाही म्हटलं असतं तर तीही सुटली असती. आणि मग परत कधी गच्चीच्या मधोमध आली नसती.

"समजावू नकोस," मी म्हटलं.

* * *

विमान म्हणजे डबाच. बाकडी नाहीत, सगळे खालीच बसलेले. माझ्या पाठीला उस्ताद, समोर प्राची, तिच्या पाठीला दुसरा शिकवणारा. आधी मी, मग ती. पोरीनं डोळे मिटलेले, ओठ निळे. वर पोचलो आणि दार उघडलं. वारा आत घुसला तो थोबाडीत मारावी तसा. उस्ताद मला सरकवत दारापाशी घेऊन गेला. खाली बघितलं. शेतं वाट्यावाट्यानं मांडलेली, आणि मध्ये काहीच नाही.

मी दाराची कड घट्ट धरली आणि ओरडले, "नको! वापस! खाली घेऊन चल मला!"

प्राचीनं डोळे उघडले.

उस्ताद चिडला नाही. कानाशी येऊन म्हणाला, "कोई बात नहीं माताजी. डर लगता है तो वापस चलते हैं." मग थोडा थांबून म्हणाला, "बस, आज की बोहनी आप ही थीं."

बोहनी! म्हणजे आपली भवानी. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं, मासळी चिवडली, भाव केला आणि रिकाम्या हातानं उठून गेलं, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई मी! आणि आज ते गिऱ्हाईक मीच?

"थीं कशाला म्हणतोस रं," मी म्हटलं आणि कड सोडली. "चल!"

पुढं तोंडातनं काय निघालं ते मला ठाऊक नाही. हे प्राचीकडनं ऐकलेलं. मी दारातनं गेले तेव्हा तिच्या पाठचा शिकवणारा दचकून म्हणाला, "दादी क्या चिल्लाई?"

प्राची म्हणाली, "पापलेट घे गो बायऽऽ!"

आणि हसत सुटली ती. दारातनं गेली तरी हसतच होती.