मामंजी आणि गुंडाळीचा कागद

दुसऱ्याच्या वजनाची कदर करणारा माणूस आमच्या मामंजींसारखा मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. स्वतः अगदी वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखे. पण दारातून एखादा गलेलठ्ठ पाहुणा आत शिरला की त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की पाहुण्याला वाटावं, काय या माणसाची माया! "या, या! तिथं नको, इथं गादीवर बसा. चांगले ऐसपैस बसा." पाहुणा विरघळून बसायचा. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की गादीखाली दोन फळ्या आहेत आणि फळ्यांच्या मधे कुणाच्या तरी लग्नाचे फोटो सपाट व्हायला ठेवलेत! तहसील कचेरीतले एक अव्वल कारकून तर मामंजींचे जीव की प्राण. त्यांच्या देहाकडे बघून टांग्याचं घोडं मान फिरवायचं. ते उठायला लागले की मामंजी कासावीस. "अहो, बसा हो, चहा टाकायला सांगितलाय." चहाची दुसरी फेरी मागवली की मी चुलीपाशी ओळखायची, आज गादीखाली अख्खी वरात आहे.

पौडला एसटी स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी पुण्याहून लग्न होऊन आले, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जुन्या बाजारातून लष्कराच्या मोडीतला फोटोच्या कागदाचा एक भलामोठा गुंडाळा आणला होता. स्वस्त मिळाला म्हणून सासूबाईंनाही आनंद झाला होता म्हणे. पण तो कागद लढाईच्या काळापासून स्वतःभोवती घट्ट गुंडाळून बसलेला. त्यावर फोटो छापा, धुवा, वाळवा. वाळला रे वाळला की सुर्रकन आपल्या मूळ जागी! गिऱ्हाईक हातात घेऊन म्हणायचं, "मास्तर, ह्यो फोटू हाय का बिडी?" दुसरा कुणी असता तर त्यानं तो गुंडाळा बंबात घातला असता. मामंजींनी त्याच्याशी वैर मांडलं, आणि त्या वैरात माझ्या संसाराची भांडीकुंडी कामी आली.

सकाळी पोळ्या करायला बसावं तर लाटणं नाही. ते स्टुडिओत, त्याच्यावर कुणाचे तरी आजोबा उलट्या बाजूनं गुंडाळून सुतळीनं बांधलेले! पाटा-वरवंटा सणावाराला तेवढा परत मिळायचा. वाळत घातलेल्या फोटोंच्या खालच्या कडेला ते घरातली कुलपं लटकवायचे, त्यामुळे आमच्या घराला कुलूप असं कधी नव्हतंच. डॉक्टरांकडून ग्लिसरीन आणायचे, घशाला म्हणून, आणि ओतायचे फोटो धुण्याच्या शेवटच्या पाण्यात, कागद मऊ राहावा म्हणून. एकदा एका पाटलांचा फोटो सरळ करायला त्यांनी तो टेबलाच्या कडेवरून उलटा ओढला, तर पाटलांच्या गालावर ही लांबलचक चीर! मी म्हटलं, आता काही खरं नाही. मामंजी पाटलांना शांतपणे म्हणाले, "मर्दाच्या चेहऱ्यावर एखादी खूण हवीच." आणि पाटील इतके खूश झाले की तसल्याच चिरेचे आणखी दोन फोटो सांगून गेले. आता बोला!

लोक चेष्टा करायचे. "मास्तर, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच." मामंजी उत्तर द्यायचे, "अहो, लोक नळी काढायची फार घाई करतात." आमच्या मुळशीचा पाऊस म्हणजे भिंतींना बुरशी, मिठाचं पाणी आणि पापडांचं चिवट चामडं, मी वैतागायची आणि मामंजी मात्र खुशीत शीळ घालत हिंडायचे, कारण त्या ओलसर हवेत फोटो कसे पोळीसारखे मऊ आणि सपाट पडून राहायचे. त्यांचं दुःख उन्हाळ्यात. तेव्हा ते न्हाणीघरात बंब पेटवून फोटो वाफेवर टांगायचे. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आज फोटोंची आंघोळ. माणसांची झाली तर उद्या."

अशाच एका कडक चैत्रात हौसाबाई आली. धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारी विधवा बाई, एकुलता एक मुलगा पलटणीत. मागच्या रजेत त्याचा मोठा फोटो मामंजींनीच काढून दिला होता, त्याच गुंडाळीच्या कागदावर. काच परवडेना म्हणून तिनं बिनकाचेची चौकट करून घेतली होती. त्या वर्षी सरहद्दीवर गडबड चालू होती आणि पोराची कितीतरी महिन्यांत खबर नव्हती. ती रोज फोटोसमोर दिवा लावायची. एका सकाळी दिवा लावायला गेली तर पोरगा नाही! उन्हानं कागद चौकटीचे बारीक खिळे सोडून गुंडाळला होता, आणि दिसत होती नुसती पांढरी पाठ. ती तशीच चौकट पदरात गुंडाळून पौडला चालत आली आणि ओट्यावर मटकन बसली. "मास्तर, पोरानं त्वांड फिरवलं वो. खरं सांगा, माजं पोरगं हाय का गेलं?"

एरवी कागदाचा विषय निघाला की मामंजी तासभर बोलायचे. त्या दिवशी त्यांनी नुसती चौकट मांडीवर घेतली. म्हणाले, "बाई, मुलगा कसा आहे ते मला कळणार नाही. पण तोंड त्यानं फिरवलेलं नाही. खोड माझ्या कागदाची आहे. मी सरळ करून देतो."

"द्या. पर पुन्यांदा फिरीवलं, तर म्या काय समजायचं?"

इथं सगळे उपाय खुंटले. फोटो वाफेवर टांगला, फळ्यांत दाबला. बाहेर काढला की घटकाभर बरा, मग एक कोपरा हळूच वर. कोपरा हलला की हौसाबाईच्या छातीत धस्स व्हायचं ते आम्हाला बाहेर ऐकू यायचं. हौसाबाई रात्रीही ओट्यावरून हलेना, आणि घोटभर चहाखेरीज काही घेईना. तेवढ्यात नेमके अव्वल कारकून आले. मामंजींनी सवयीनं "या, या" म्हणत त्यांना गादीवर नेलं, आणि हौसाबाई किंचाळली, "अरं द्येवा! माज्या पोराच्या छातीवर ह्यो बाबा बसनार?" कारकून असे उडाले की तेवढी चपळाई त्यांच्या अंगात असेल असं तहसीलदारांनाही वाटलं नसतं. मला हसू येत होतं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी जेवता जेवता मामंजी ताटावरून उठलेच. "पाठीला पाठ!" म्हणाले. जाड पुठ्ठ्याच्या एका बाजूला मुलाचा फोटो चिकटवायचा आणि मागच्या बाजूला त्याच गुंडाळीचा तेवढाच दुसरा फोटो. हा इकडे ओढणार, तो तिकडे ओढणार. दोघांनाही वळता येणार नाही. मी म्हटलं, "मग मागं कोरा कागद लावा की." तर माझ्याकडे बघून म्हणाले, "पोराच्या पाठीला कोरं कशाला, सूनबाई?" आणि बाहेर जाऊन हौसाबाईला म्हणाले, "बाई, तुमचा फोटो काढायचाय."

"माजा? नगं, नगं! फोटू काडला की आयुक्श कमी व्हतंय." ही तेव्हा गावोगावची समजूत. ती दाराकडे सरकली, आणि मग थांबली. "त्याला सरळ ठिवाया माजाच लागतोय का?"

कोरा कागदही चालला असता हे मामंजींना ठाऊक, मला ठाऊक. मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो. तुमचाच लागतोय."

"मंग काडा. कमी झालं तर माजं व्हईल."

डोक्यावर पदर घेऊन ती कॅमेऱ्यासमोर बसली. डोळे काही तिनं मिटले नाहीत. मामंजींनी मैद्याची खळ शिजवली, दोन्ही फोटो पुठ्ठ्याला चिकटवले आणि वर पाटा, वरवंटा, जात्याची तळी, घरात होतं नव्हतं ते सगळं रचलं. वाळल्यावर त्यांनी तो पुठ्ठा मुद्दाम भर दुपारच्या उन्हात ओट्यावर ठेवला. आम्ही सगळे भोवती. हौसाबाई पदराचं टोक दातात धरून उभी. उन्हं कलली, ओटा तापून निवाला; पण कोपरा काही हलला नाही. सगळ्या घरानं एकदम हुश्श केलं. मामंजींनी पुठ्ठा तिच्या चौकटीत बसवला. सासूबाईंनी चटकन डोळे पुसले आणि हौसाबाईनं आमच्याकडे पहिल्यांदा पिठलं-भाकरी खाल्ली, तीही अशी की मला पुन्हा चूल पेटवावी लागली.

पावसाळा उलटला आणि एके दिवशी एसटीतून एक उंच जवान उतरून सरळ स्टुडिओत आला. हौसाबाईचा मुलगा, आईला भेटून आलेला. लांबच्या कुठल्याशा ठाण्यावर होता, जिथून टपाल निघत नव्हतं. मामंजी त्याला नुसते चाचपून बघत राहिले. तो हसत म्हणाला, "आय म्हनती, फोटू सरळ ऱ्हायला म्हून म्या आलो." आमचे मामंजी, जे देवाधर्माच्या गोष्टीत कुणाचं काही चालू द्यायचे नाहीत, ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

हौसाबाई त्यानंतर कितीतरी वर्षं ठणठणीत होती. बाजाराला आली की मामंजींना डाफरायची, "आयुक्श कमी व्हतंय म्हनत्यात, आन् हितं सरता सरंना!" मग एकदा तिचा मुलगा आला तो डोक्याचं मुंडण केलेला. आम्ही समजलो. खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, आयचा येक बी फोटू न्हाई घरात. तुमी कदी काडला व्हता का?" म्हणजे तिनं त्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

मामंजींनी चष्मा काढला. "घरी जा," म्हणाले, "भिंतीवरची तुझी चौकट काढ, आणि उलटी करून लाव."

तो गेल्यावर मी चहा घेऊन बाहेर आले. मामंजी स्टँडकडे बघत बसले होते. मग माझ्या हातून कप घेत म्हणाले, "पोरगं सरळ राहावं म्हणून इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून बसली गं ती."