बिराप्पा सरांचं बिऱ्हाड

बिराप्पा सर एकटे राहतात, आणि तेही असे एकटे की शेजारच्या बनुबाईला कित्येक महिने ती खोली रिकामीच आहे असं वाटत होतं. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला वरच्या मजल्यावर एक खोली, एक कॉट, एक शेगडी आणि तीन कॉम्प्युटर. त्यातले दोन इतके जुने की भंगारवालाही नाक मुरडेल. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, कॉलेजातली गणिताची नोकरी संपली. अशा वेळी माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर पारावर राजकारण करतात. सरांनी त्यातलं काही केलं नाही. त्यांना एक वेड होतं आणि ते समजून घ्यायला साताऱ्यात कुणाला सवड नव्हती.

वेड तसं साधंच. जगभरची माणसं मिळून गणिताचं एक सॉफ्टवेअर बनवतात आणि ते सगळ्यांना फुकट देतात. पण ते एकटं काही करत नाही बरं का. अवाढव्य आकड्यांचा गुणाकार एक तुकडा करतो, मूळ संख्या दुसरा शोधतो, आलेख तिसरा काढतो. असे ढीगभर तुकडे, प्रत्येकाचा कर्ता वेगळा. आता हे तुकडे आणायचे कुठून? एक रीत अशी की सगळे एकाच गाठोड्यात बांधून सॉफ्टवेअरबरोबर द्यायचे. इंटरनेट नसलं तरी गाठोडं सोडलं की काम सुरू. दुसरी रीत अशी की ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर जे आधीच बसवलेलं आहे तेच वापरायचं, आणि नसेल ते नेटवरून तिथंच बसवून घ्यायचं. बिराप्पा सर गाठोडं बांधायचे. पगार नाही, मानधन नाही, कुणी गळ घातली म्हणूनही नाही.

हे असं का, ते कळायला जतच्या माळावर जायला पाहिजे. सरांचा बाप मेंढरं राखायचा. पावसाळा सरला की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायचं. आई धोंडुबाई मिठापासून जात्यापर्यंत सगळं बरोबर घ्यायची, चुलीचे तीन दगडसुद्धा. म्हणायची, "कुनाच्या दारात मागायला हुबं ऱ्हायचं न्हाई, लेकरा." लेकरू शिकलं, सर झालं, पण हाडात मुरलेलं जातंय होय? थोरल्या भावाकडं गेले तरी अंथरूण स्वतःचं, पाणी स्वतःचं, ताट-वाटीसुद्धा पिशवीत. भावजय राहीबाई एकदा वैतागून म्हणाली, "आवं भाऊजी, आमच्यात ताट न्हाई व्हय?" सर नुसते हसले, आणि पुढच्या खेपेला ताट घेऊनच गेले. खरं सांगतो, मला तर या माणसाचा कधी कधी रागच येतो.

त्यांची विद्यार्थिनी माया जत भागातल्या एका कॉलेजात शिकवायची. तिथं कॉम्प्युटर होते, पण जुनेपुराणे, आणि इंटरनेटच्या नावानं बोंब. म्हणून सर प्रत्येक तुकडा आधी आपल्या खोलीतल्या जुन्या डब्यांवर चालवून बघायचे. तिथं अडला तर रात्रंदिवस त्याच्या मागं लागायचे. मग जूनमध्ये कॉलेज उघडलं की पेन ड्राइव्ह खिशात घालून विट्याची एसटी पकडायची, तिथून जतकडं. दिवसभर एकेका कॉम्प्युटरवर गाठोडं सोडायचं, मुलांना चार गणितं करून दाखवायची, मायाच्या घरी जेवायचं आणि संध्याकाळी परत. त्यांचं वर्षाचं जाणं-येणं काय ते एवढंच. भाऊही पुढं वारला, तेव्हापासून गावची वाटसुद्धा मोडली.

गेल्या दिवाळीनंतर एक मेल आला. त्या सॉफ्टवेअरचं काम बघणारी बेल्जियमची एक बाई आहे, तिचा. फार अदबीनं लिहिलं होतं. गाठोडं जड झालं आहे. मूळ तुकड्यांत दुरुस्त्या होतात आणि गाठोड्यात जुनंच राहतं. एकाच कॉम्प्युटरवर एकाच तुकड्याच्या दोन प्रती होतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. तेव्हा गाठोडं बंद करावं असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. 'पण ज्यांचं त्याच्यावाचून अडतं अशी एक जागा जरी असली, तरी आपण ते ठेवू. या आठवड्यात कळवा.'

बाई चुकीचं बोलत नव्हती, ते सरांनाही कळत होतं. पण 'बिराप्पा, इथं अडतंय, जरा बघता का?' असं त्यांना जगात विचारत होतं कोण? हीच परकी माणसं, आणि तीही या गाठोड्यापायीच. ते गेलं की मेल थांबणार, आणि मग सकाळी उठायचं ते कशासाठी?

एक जागा तर होतीच. मायाचं कॉलेज. तिच्याकडून चार ओळी लिहून घ्यायच्या की काम झालं. फोन करूनही भागलं असतं, पण सरांना जायला निमित्त हवं होतं. न कळवता निघाले.

वर्गात मुलं कामाला लागलेली. पडद्यावर तेच सॉफ्टवेअर. सर एका मुलीच्या मागं उभे राहिले आणि वरची ओळ वाचून जागीच थांबले. आवृत्ती नवी होती. त्यांनी अजून बांधलीच नव्हती, इतकी नवी.

माया धावत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"नेट कधी आलं?" सरांनी विचारलं.

"झाली की दोन-तीन वर्षं, सर. नेटवरूनच बसवतो आता."

"मग मी जूनमध्ये येतो, ते?"

माया खाली बघत म्हणाली, "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आमचं काढून ठेवते. तुम्ही गेलात की तुमचं काढून परत बसवते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू, सर? गाठोडं नको म्हटलं असतं तर तुम्ही आला असता का? दुसरीकडं कुठं तरी जाता का तुम्ही?"

मायानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पत्र पाहिजे तर देते लिहून. आमचं अडतं म्हणून लिहिते. त्यात काय एवढं?"

द्यायला ती खरंच तयार होती, आणि सरांना ते हवंसं वाटलं, अगदी जिभेवर 'दे' आलं होतं. पण आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, खोट्यावर पुढची ओळ मांडणार कशी? त्यांनी तिच्याच टेबलावर बसून मेल लिहिला. 'अशी जागा नाही. काढून टाका. काढायचं काम मीच करतो.' आणि घरी येऊन, इतकी वर्षं बांधलेला एकेक तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. बाईचं आभाराचं उत्तर आलं, चांगलं लांबलचक. त्यानंतर मेल आले नाहीत.

त्या दिवशी कॉलेजातून निघताना माया म्हणाली होती, "जूनमध्ये यायचं, सर. काही आणू नका, नुसते या." सर 'व्हय' म्हणाले होते.

जून आला. सर सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर गेले. विट्याची गाडी लागली होती. दारापाशी जाऊन उभे राहिले, पण पाय काही उचलेना. जाऊन करायचं काय, बसायचं कुठं, कुणी विचारलं कशाला आलात तर सांगायचं काय? कंडक्टर म्हणाला, "चढा की काका."

"न्हाई," सर म्हणाले, "मी सोडायला आलोय."

गाडी गेली. ते बाकावर बसून राहिले. दुपारी तिथंच फोन वाजला.

"सर, कुठवर आलाय?" माया विचारत होती. "पोरं जेवायची थांबल्यात."