रानबदकातला छर्रा

लोण्यावर परतलेल्या कांद्याचा आणि मांसाचा वास आला की मला नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावातली ती रविवारची दुपार आठवते. मला सातवा महिना होता आणि शेजारच्या डच आजोबांनी आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावून खास रानबदक शिजवलं होतं. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडक लागलं. काढून पाहिलं तर मोहरीएवढी काळसर गोळी. "अरे, बंदुकीचा छर्रा!" आजोबा हसले. मला हसू येईना, कारण आधीच्या घासातही तसंच काहीतरी लागलं होतं आणि मी ते गिळून टाकलं होतं. "हे शिसं आहे का?" मी विचारलं. "छे, शिशाच्या छऱ्यांना इथे कधीपासून बंदी आहे," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. बदक त्यांच्या भावानं मारलं होतं आणि भावाकडे बंदीआधीची जुनी काडतुसं पडून होती. शिसं पोटातल्या बाळाला बाधतं; माझा हात पोटावर गेला. नवऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला, पण पलीकडून नुसतं थांबायला सांगणारं रेकॉर्डिंग वाजत राहिलं. आजोबा उठून फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन आले. "पोलाद असेल तर चिकटेल, शिसं चिकटत नाही," ते म्हणाले. त्यांनी ते छऱ्याजवळ नेलं. छर्रा ताटलीत जरा घरंगळला आणि टक्कन चुंबकाला चिकटला. आजोबा मटकन खुर्चीत बसले आणि तोंड झाकून रडले. माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. तिला जेवायला वाढताना आजोबा मांसाचा प्रत्येक तुकडा आधी बोटांनी चिवडून पाहतात, अगदी दुकानातलं चिकन असलं तरी, आणि मी त्यांना कधी थांबवलेलं नाही.