झोपणारा डबा

डोंगराला भेग पडली तेव्हापासून उतारावर खांबांना पांढरे डबे लावलेत, डोंगर सरकायला लागला तर कळावं म्हणून. धुणं वाळत घालताना मी सारखी वर बघते. आमच्या घराच्या वरच्या बाजूच्या डब्याचा दिवा एकदा लुकलुकतो आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, मेला हा, आता आम्हाला कोण सांगणार? डबे बसवणारे दादा परत आले तेव्हा बाळाला काखेत मारून पळतच गेले त्यांच्याकडं.

ते हसले. "मेला नाही वहिनी, झोपलाय. सारखा जागा राहिला तर पावसाळ्याच्या आतच बॅटरी संपेल त्याची. जमीन जरा हलली की उठतो, शेजारच्या डब्याला सांगतो, तो खाली गावात कळवतो."

आणि मी? भीतीनं रात्र रात्र डोळे ताणून बसायची. दूध आटत चाललेलं, बाळ भुकेनं रडून रडून दमायचं.

आज दुपारी त्याच्याशेजारी आडवी झाले तर सासूबाई कडाडल्या, "दिवसाढवळ्या लोळतीस, लाज वाटत नाही?"

"नाही वाटत, आत्या. त्या डब्याला कोण विचारतं का, झोपलास का म्हणून?"

"तू काय डबा हायस व्हय?"

"त्याच्यापेक्षा भारी हाय. बाळानं नुसती कूस बदलली तरी मी उठते. तुम्ही घोरत असता!"

भीती गेली नाही, पोटात आहेच. पण तिला माझं दूध नाही प्यायला देणार मी. बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. डोंगरानं खुशाल हलून बघावं.