फळ्यांखालचा कप्पा

तलावावरची भंगारात काढलेली फायबरची बोट मी विकत आणली आणि अंगणात दुरुस्तीला घेतली. पायाखालच्या फळ्यांत झाकणाचा एक कप्पा हवा होता, दोर ठेवण्यापुरता. ते काम वडिलांनी मागून घेतलं. खड्ड्यात पाय सोडून त्यांनी जन्मभर हातमाग चालवला होता. मी दिलेला टेप त्यांनी उघडलासुद्धा नाही. संध्याकाळी पाहतो तर फळ्या गुडघाभर उंच उचललेल्या आणि खाली तेवढाच खोल कप्पा. मी भडकलो. "बाबा, दोर ठेवाले एवढं खोल काहून? बोट नाही उलटणार का?"

ते कप्प्याच्या काठावर बसले, दोन्ही पाय आत सोडले. "बरोबर आहे गा," म्हणाले.

घरातला मागाचा खड्डा आदल्या वर्षी मीच मुरूम टाकून बुजवला होता.