क्लब नंबर तीनचा सेक्रेटरी

चुडाव्याच्या ओमप्रकाशने परभणीत दुसरं घर केलंय, ही बातमी दिवाळीनंतर गावात फिरली. दर गुरुवारी दुकान बंद ठेवून तो सकाळच्या गाडीला दोन भरलेले डबे घेऊन चढतो आणि संध्याकाळी रिकामे घेऊन उतरतो. एवढा पुरावा आम्हाला पुष्कळ झाला. मी त्याची समोरची शेजारीण. बातमी मी काढली नाही, पण माझ्या ओट्यावरून पुढे जाताना तिच्या अंगावर एक हिरवं लुगडं चढलं, एवढं कबूल करते.

खरं काय ते त्याच्या बायकोनेच, प्रियंकाने, मला ऐकवलं. "आक्का, माझी सवत बघायला जाता का? सत्तरीची हाय. एका डोळ्यानं आंधळी, दुसऱ्यानं अर्धी." आणि पुढच्या गुरुवारी तिने मला नवऱ्याबरोबर गाडीत बसवून दिलं. डबे माझ्या मांडीवर.

ही सवत म्हणजे कडूबाई. पंचवीस वर्षांपूर्वी ओमप्रकाश परभणीत शेतकीचं शिकत होता. होस्टेलवरच्या खानावळी पोरं स्वतःच चालवायची, त्याला क्लब म्हणायची. एकतीस पोरांचा एक क्लब, त्याचा एक सेक्रेटरी, आणि भाकरी करायला एक बाई. क्लब नंबर तीनची बाई कडूबाई. या क्लबात नुसते पैसे भरून शिरता येत नसे. नव्या पोराने कडूबाईशेजारी बसून एक भाकरी आपल्या हाताने थापायची, आणि जळो की तुटो, सगळ्यांसमोर खाऊन दाखवायची. ती पोटात गेली की तो ताटभाऊ झाला, जन्माचा.

सेक्रेटरीला आणखी एक नियम होता: त्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. इतर क्लबांत दर महिन्याला सेक्रेटरी बदले. नंबर तीनमध्ये ओमप्रकाश सलग तीन वर्षं राहिला. लोकप्रिय होता म्हणून, असं तो सांगतो. मला वाटतं, वरण संपल्यावर जेवायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती.

ती सवय त्याच्या अंगात जी मुरली ती मुरली. गावात टँकर आला की रांग तो लावणार आणि स्वतःची घागर शेवटी लावणार. प्रियंका दारात उभी राहून दात खाणार. लग्नात वाढप्यांबरोबर जेवणार, म्हणजे बहुतेक वेळा बुंदीचा चुरा खाणार. शाळेची समिती, पाण्याची समिती, ज्या खुर्चीवर बसून शिव्या खायच्या त्या प्रत्येक खुर्चीवर आम्ही त्याला बसवलंय. माणूस पुढारी आहे, पण पुढे कधी दिसत नाही.

बाकीचे तीस ताटभाऊ मोठे झाले. बालाजी तालुक्याचा साहेब आहे. योगीराज संभाजीनगरला बियाण्याच्या कंपनीत वरच्या जागेवर. चंद्रभान बँकेत. नाती खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. ओमप्रकाशचे वडील गेले तेव्हा तिसाच्या तीस जण आले होते, आणि चंद्रभान तर तीन दिवस राहून आमच्या नळावरून पाणी भरत होता. म्हणूनच तर पुढचं बघून माझा जास्त जीव जळाला.

कडूबाईचा उजवा डोळा काचबिंदूने गेलेला. डाव्यात मोतीबिंदू पिकलेला. लेक-जावई दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात ते उन्हाळा लागल्यावर येतात, तोवर म्हातारी खोलीत एकटी. आम्ही गेलो तेव्हा तिच्या चार बोटांना फोड होते. हजारो भाकरी केलेल्या बाईला तवा कुठे आहे ते दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबाल तर हाही डोळा हातचा जाईल. शिबिरातली तारीख मोठ्या मिनतवारीने मिळाली होती, महिन्याचा दुसरा रविवार. पुढचं शिबिर तीन महिन्यांनी.

ऑपरेशननंतर आठ दिवस कुणीतरी जवळ राहायला हवं. ओमप्रकाशने क्लबाच्या ग्रुपवर लिहिलं: एकेकाने एक दिवस यावं. परतीच्या गाडीत मी त्याच्या खांद्यावरून सगळं वाचलं. डोळे माझे चांगले आहेत.

सव्वीस जणांनी अंगठे दाखवले. तीन जणांनी हात जोडले. बालाजीने लिहिलं, "डॉक्टरचं नाव दे, मी बोलतो त्यांच्याशी." दिवस कुणी घेतला नाही. मग योगीराजला सुचलं. त्याच रविवारी परभणीत पंचवीस वर्षांचा स्नेहमेळावा ठरला होता, आणि त्याची धावाधावही अर्थात ओमप्रकाशच करत होता. योगीराजने लिहिलं, "मावशीचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, साडी. ऑपरेशन तेवढं पुढं ढकल."

तिसाच्या तीस अंगठे.

आणि आमच्या सेक्रेटरीने खाली लिहिलं, "बघतो."

"काय बघतूस?" मी म्हणाले. "तुला दिसायलंय की न्हाई? का तुझंबी ऑपरेशन करायचं?"

"आक्का, सगळ्यांचं एक मत पडलंय. क्लबात असंच होतं. सगळे म्हणले की सेक्रेटरी हो म्हणतो."

"सगळे म्हणले हिरीत उडी घे, तर?"

"तर मी शेवटी घेईन," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू आलं नाही.

पुढच्या गुरुवारी तारीख बदलायची हे सांगायला तो निघाला. मी न बोलावता गेले. प्रियंकाने डब्याबरोबर निरोप दिला होता: "तारीख बदलून आलात तर आपल्या घरी तरी पहिल्या पंगतीला बसा, कारण दुसरी पंगत मी वाढणार न्हाई."

ओमप्रकाशने कडूबाईसमोर बसून सत्काराचं सांगितलं. म्हातारी खुलली. पोळलेल्या बोटांनी पदर नीट केला.

"समदे येनार? त्यो बालाजी बी? लय भाजी सांडायचा त्यो."

"सगळे येणार, मावशी."

"आन् मला वर बसवनार? खुर्चीवर?"

"सगळ्यात वर."

तिने पदर पुन्हा एकदा चाचपला. मग म्हणाली, "मंग मला त्ये दिसतेल का रं?"

ओमप्रकाश तिच्या बोटांवरच्या फोडांकडे बघू लागला.

"न्हाई, इचारलं आपलं," ती म्हणाली. "न्हाई दिसलं तरी चालंल. आवाजावरनं वळखीन मी. तुजा तर वळखलाच की. तू जेवल्याबिगर मी कुटं जेवायची?"

एवढी वर्षं हा गडी स्वतःला शेवटी जेवणारा समजत होता. त्याच्याही मागे एक ताट राहत असे, ते त्याला त्या दिवशी कळलं. बाहेर येऊन त्याने डॉक्टरकडे फोन केला आणि तारीख आहे तीच पक्की केली. ग्रुपवर मेळाव्याच्या हॉलच्या किल्लीचा पत्ता, आचाऱ्याचा नंबर आणि खुर्च्यांचा आकडा टाकला. खाली लिहिलं, "मी आणि मावशी येणार नाही." त्यावर मात्र एकही अंगठा आला नाही.

रविवारी दुपारी आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. कडूबाई आत पट्टी बांधून पडलेली, प्रियंका तिच्या उशाशी. मी बाकावर बसून डब्यातल्या धपाट्यांकडे बघत होते, कारण सेक्रेटरीशेजारी बसलं की आपणही उपाशी राहतो. तेवढ्यात फोन वाजला. योगीराजचा होता. मीच हात पुढे करून आवाज मोठा केला. मागे भांड्यांचा, हसण्याचा गलका.

"सेक्रेटरी, कुठं हायस बाबा? पंगत बसलीय, तुझ्यावाचून कुणी घास उचलंना. असं कर, मावशीला व्हिडिओवर घे. शाल इथं फोटोला घालतो, आमी सगळे टाळ्या वाजवतो."

ओमप्रकाशने फोन तोंडाजवळ घेतला. आवाज चढवला नाही.

"पंगत उरकून घ्या, माझी वाट बघू नका. मावशीच्या डोळ्याला पट्टी हाय, तुमच्या टाळ्या तिला दिसणार न्हाईत. उद्या सकाळी नऊला पट्टी सोडणारेत. ज्याला तिला दिसायचंय, त्यानं इथं येऊन बसावं."