क्लेमेंट यापचं ओलं घर

अपर लॅडनमध्ये परक्याला कुणी 'येऊ नका' म्हणत नाही. तेवढा उद्धटपणा आमच्या गावात नाही. लंडनची एखादी चकचकीत जोडी 'विकणे आहे'च्या पाटीपुढे उभी राहिली, की आम्ही जवळ जातो, हवेबद्दल दोन शब्द बोलतो आणि मग त्यांची काळजी करायला लागतो. "घर सुरेख आहे हो, फक्त पावसाळी वर्षांत जरा..." एवढं बोलून गप्प बसायचं. उरलेलं त्यांचं मनच करतं. या काळजीच्या जोरावर आम्ही सहा घरं वाचवली. शेजारच्या गावांत बघा, घरं लंडनवाल्यांनी घेतली आणि आता शनिवार-रविवार सोडला तर निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो.

या कलेत क्लेमेंट यापचा हात धरणारा कुणी नव्हता. तसा तो कुंपणं घालणारा माणूस. हिवाळाभर हातात कोयता. काटेरी झुडपाचं खोड बुंध्याशी अर्ध्याहून जास्त कापायचं, पण मरू द्यायचं नाही. आडवं वाकवून शेजारच्यात गुंतवायचं. वसंतात ते असं फुटतं की मेंढरूसुद्धा पार होत नाही. पाच मैलांतलं कुठलंही कुंपण बघून तो सांगायचा, कुणी घातलं आणि त्या दिवशी घालणारा किती प्यायला होता. मात्र स्वतःच्या मालकीची वीतभर जमीन त्याच्याकडे नव्हती. चर्चमागच्या दगडी घरात तो आणि त्याची बायको डोरीन सत्तावीस वर्षं भाड्यानं राहत होते.

त्या वर्षी घराची मालकीण मिस पार्गेटर वारली आणि तिच्या ब्रिस्टलच्या भाच्यानं घर विकायला काढलं. पोरगा वाईट नव्हता. "मार्चअखेरपर्यंत तुम्हाला पहिला हक्क," म्हणाला. पण किंमत अशी सांगितली की डोरीन मटकन खाली बसली. साठवलेलं सगळं काढलं तरी बँकेच्या कर्जाशिवाय जमणार नव्हतं. नाहीच जमलं, तर लडलो शहरातल्या सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. क्लेमेंट त्या बघून आला होता.

"तिथं मी मरेन, डोरीन," त्यानं सांगून टाकलं.

"मर की. पण आधी बँकेचा फॉर्म भर."

फॉर्म भरला. घर तपासायला बँकेचा माणूस गुरुवारी येणार, असं पत्र आलं. तो बरं म्हणाला तर कर्ज, नाहीतर लडलो.

मंगळवारी क्लेमेंट पर्सी प्रॉसरच्या शेतावर रस्त्याकडेचं कुंपण घालत होता. एक हिरवी गाडी थांबली. आतून उतरलेल्या माणसाच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आणि त्यांवर चिखलाचा ठिपका नाही! फेब्रुवारीत! क्लेमेंटच्या डोक्यात लगेच घंटा वाजली. लंडन.

"चर्चमागचं घर कुठं हो? ते विकायला काढलेलं?"

"डावीकडे वळा. घर देखणं आहे, साहेब." क्लेमेंटनं टोपी सारखी केली. "लहान मुलं नाहीत ना तुम्हाला? मग बरंय. स्वयंपाकघराची जमीन तेवढी ओली असते. धुराड्याला तडा आहे म्हणतात, पण लोक काय, काहीही म्हणतात. आणि माळ्यावर झोपू नका, तुळई किड्यानं पोखरलीय."

"बरं," तो माणूस म्हणाला आणि त्यानं वहीत लिहून घेतलं.

"आणि आतला भाडेकरू! एक नंबरचा हेकट. छप्पर डोक्यावर पडलं तरी हलायचा नाही."

माणूस आभार मानून गेला. क्लेमेंट शीळ वाजवत कामाला लागला आणि दुपारी जेवायला घरी आला, तो लढाई जिंकल्यासारखा.

"एका लंडनवाल्याला उडवून लावलं आज," तो दारातूनच ओरडला.

"ते राहू दे. बँकेचे टिमिन्स साहेब येऊन गेले," डोरीन म्हणाली. "इकडं दुसरं काम होतं म्हणून दोन दिवस आधीच आले. चहा दिला. माणूस भला वाटला. भिंतींना नुसतं टोचत होता."

क्लेमेंटची शीळ तोंडातच राहिली. "बूट कसले होते त्याचे?"

"नवे कोरे. का रे?"

"बोंबला!" क्लेमेंटनं कपाळावर हात मारला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात ते ऐकलं होतं; यानं तो शोधून आणून, पुसून, नेम धरून पाडला होता. डोरीनला सगळं कळलं तेव्हा ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "पळ. 'प्लाऊ'मध्ये जेवायला जातो म्हणाले."

क्लेमेंट सायकलवरून निघाला तो तसाच उपाशी. प्लाऊ म्हणजे आमचं गावातलं मद्यालय. तिथं टिमिन्स साहेब मटणाचा पाय खात बसलेले, आणि शेजारी पर्सी प्रॉसर त्यांची मनापासून काळजी करत होता. "...आणि मग विहिरीतून असा आवाज येतो की..."

"पर्सी, तोंड बंद कर!" क्लेमेंट धापा टाकत होता. "साहेब, तो हेकट भाडेकरू म्हणजे मीच. मी खोटं बोललो. जमीन ओली नाही, धुराडं ठणठणीत आहे, तुळईला काही झालेलं नाही. तुम्हाला लंडनचे समजलो हो!"

टिमिन्सनी तोंड पुसलं, वही उघडली.

"मिस्टर याप, मी बर्मिंगहॅमचा आहे. जमीन ओलीच आहे. धुराड्याला एक नाही, तीन तडे आहेत. तुळईत माझी पेन्सिल आरपार गेली. तुम्ही म्हणालात त्यात काडीचं खोटं नाही. उलट मागची भिंत तुम्ही विसरलात."

क्लेमेंट आ वासून बघत राहिला. सत्तावीस वर्षं त्या घरात काढली, आणि त्यात काही बिघडलंय असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"भाच्यानं सांगितलेल्या किमतीचं हे घर नाही," टिमिन्स म्हणाले. "मी खरी किंमत लिहिणार. बँक त्याच हिशोबानं कर्ज देईल."

"म्हणजे घर गेलं," क्लेमेंट खुर्चीत कोसळला.

"अरे मठ्ठा," मद्यालयाची मालकीण ग्लॅडिस गल्ल्यामागून कडाडली. "दुसरा कुणी आला तरी त्याचीही बँक असाच माणूस पाठवणार! भाचा किंमत उतरवेल नाहीतर जाईल कुठं?"

"मी काहीही बोललेलो नाही," टिमिन्स म्हणाले, आणि त्यांनी आणखी थोडा रस्सा मागितला.

भाचा दहा दिवस कुरकुरला. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांची आम्ही यथासांग काळजी केली. शेवटी टिमिन्सनी लिहिलेल्या किमतीला तो तयार झाला. एप्रिलमध्ये लडलोला सह्या करून दोघं बसनं परत आली. क्लेमेंट कोट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"डोरीन, इथं खरंच ओल आहे गं."

"सत्तावीस वर्षं सांगतेय मी!" डोरीन फिस्कारली. "तू म्हणायचास, मालकिणीची जमीन, आपण काय करणार. शेवटी मीही बोलणं सोडलं."

मग ती चटई बाजूला सारून खाली बसली. फरशीवर तिनं तळहात टेकला, उचलला आणि ओला हात त्याच्यापुढे धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"बघ, क्लेम," ती म्हणाली. "सगळी आपली."